बुलेटच्या मागच्या स्पिंडलचे आटे कुठले, आणि नट आणू कुठून?

पावसचा_साडेतीनशे

नमस्कार मंडळी. काकांची साडेतीनशे बुलेट माझ्याकडे आलीय, साठच्या दशकातली, मद्रासची. बरीच वर्षं मांगरात उभी होती, वर पत्रा होता पण बाजू सगळ्या उघड्या आणि समुद्र जवळच त्यामुळे जे व्हायचं ते झालंच, सायलेन्सर तर हात लावल्यावर हातातच आला. इंजिन मोकळं आहे, किक बसते, कॉम्प्रेशन पण आहे, त्याचं पुढे बघू. आत्ता अडलंय मागच्या चाकापाशी. स्पिंडलचा (चाकाच्या मधल्या दांड्याचा) नट गंजून असा काही बसला होता की डिझेल घातलं, गरम केला, पाइप लावून पान्हा ओढला, काही उपयोग नाही, शेवटी ग्राइंडरने कापूनच काढला. स्पिंडल वाचलाय. आटे बऱ्यापैकी शाबूत आहेत, फक्त टोकाचे दोन-तीन मेलेत.

आता नट मिळत नाहीये. इथल्या एका गॅरेजवाल्याने डब्यातला चौदाचा नट लावून बघितला, एक-दोन फेरे गेला आणि जाम. तो म्हणतो टेन्शन घेऊ नको, स्पिंडलवर चौदाची डाय (दांड्यावर आटे पाडायचं हत्यार) फिरवून देतो, मग बाजारातला कुठलाही चौदाचा नट बसेल. मला ते पटत नाहीये पण का पटत नाहीये ते सांगता पण येत नाहीये. रत्नागिरीत हार्डवेअरवाल्यांकडे फिरलो, एक म्हातारे दुकानदार स्पिंडल हातात घेऊन म्हणाले साडेचार सुती दिसतोय, साडेचार सुतीत आता नट येत नाहीत, विषय संपला. ऑनलाइन बुलेटचा म्हणून एक मागवला तो स्पिंडलवरून आरपार निघून जातो, आट्याला लागतच नाही.

तर आटे नक्की कुठले हे घरच्या घरी कसं ओळखायचं? डिजिटल वर्नियर आहे, थ्रेड गेज नाही. आणि डाय फिरवून घ्यावी का?

---

टॅपेटची_टिकटिक (मूळ गुहागर, सध्या पुणे)

आधी डायचं बोलतो. फिरवू देऊ नका. चौदाचा नट म्हणजे बहुतेक एम१४ गुणिले १.५, म्हणजे एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंत दीड मिलिमीटर. तुमच्या स्पिंडलवर ते अंतर वेगळं असणार, नाहीतर नट दोन फेऱ्यांत जाम झालाच नसता. वेगळ्या पिचची, म्हणजे वेगळ्या अंतराची, डाय जुन्या आट्यांवर फिरवली की सुरुवातीला जमल्यासारखं वाटतं, काही आट्यांनंतर ती जुन्या आट्यांच्या बरोबर डोक्यावर येते आणि त्यांना सोलत जाते, शेवटी उरतं ते ना जुनं ना नवं, अर्धवट उंचीचे दुबळे आटे. त्यावर नट बसेल, घट्ट झाला असं पण वाटेल, आणि एक दिवस आंबा घाटात चेनच्या ओढीने चाक स्विंगआर्मच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) खाचेत तिरकं होईल. तुम्हाला पटत नव्हतं ते हेच.

आता ओळखायचं कसं. एक लक्षात घ्या, बुलेटचं अमुक मॉडेल म्हणजे अमुक आटा असं पार्ट बुकात बघून नट मागवायला जाऊ नका. साठ वर्षांत त्या गाडीचं चाक, हब, स्पिंडल काय काय बदललंय कुणाला माहीत, कुठल्यातरी लेथवाल्याने त्याला जमले ते आटे पाडून दिलेले पण असू शकतात. समोर जो दांडा आहे तो मोजायचा. दोनच मापं लागतात, बाहेरचा व्यास आणि पिच, आणि दोन्ही एकत्र बघायची, नुसत्या व्यासावर गेलात की फसलात.

रॉकेल आणि पितळी ब्रशने आटे असे साफ करा की खाचेचा तळ दिसला पाहिजे, गंज राहिला की वर्नियर खोटं बोलतं. व्यास टोकाला मोजू नका, तिथे झिजलेला असतो, नट जिथे कधी पोचलाच नाही तिथले आतल्या बाजूचे आटे शोधा आणि तिथे मोजा. येणारं माप नाममात्र मापापेक्षा थोडं कमीच येतं, म्हणजे अर्ध्या इंचाचा दांडा १२.७ असायला हवा पण वर्नियरवर १२.५-१२.६ दिसेल, ते बरोबर आहे.

पिचसाठी एका आट्याचं अंतर मोजायच्या फंदात पडू नका. एका शिखरावर वर्नियरचं एक टोक आणि तिथून पुढे दहा मोजून दहाव्या शिखरावर दुसरं टोक (ज्यावरून सुरुवात केली ते शून्य). जे येईल ती दहा पिचेस. हात थरथरत असेल तर आट्यांवर पातळ कागद दाबून धरा आणि वरून पेन्सिल घासा, लहानपणी नाण्यावर करायचो तसं, रेघा उमटतात, मग कागद टेबलावर ठेवून आरामात मोजा.

आणि काय आलं तर काय, ते सांगतो. तुमच्या मापाच्या आसपास म्हणजे साडेचार सूत, ९/१६ इंच, १४.२९ मिलिमीटर, ह्याच्यात मुख्य उमेदवार असे. दहा आटे १२.७ आले तर इंचाला २० आटे, म्हणजे जुना ब्रिटिश सायकल थ्रेड, तिकडे त्याला सीईआय किंवा बीएससी म्हणतात. १४.१ आले तर इंचाला १८, तो युनिफाइड फाइन, यूएनएफ, जो १९४८ साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी मिळून ठरवला. १५.९ आले तर इंचाला १६, तो बीएसएफ, म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड फाइन. आणि सायकल थ्रेडमध्येच इंचाला २६ आटे असा पण एक प्रकार आहे, तिथे दहा आटे ९.७७ येतात. मेट्रिक असेल तर सरळ १५.० किंवा १२.५.

गोम कुठे आहे बघा. इंचाला २० वाले दहा आटे १२.७ आणि मेट्रिक १.२५ चे दहा आटे १२.५, फरक फक्त दोन दशांश मिलिमीटर. आणि ९/१६ म्हणजे १४.२९ तर एम१४ म्हणजे १४.०, तिथे पण फरक जेमतेम तीन दशांश. म्हणून डोळ्याने चौदाचा वाटतो आणि गॅरेजवाला डबा उघडतो. त्याचा पण दोष नाही तसा, त्याच्या आयुष्यात सगळंच मेट्रिक आलंय.

गेज नाहीये म्हणालात ना, घरातच दोन गेज आहेत. गाडीचा स्पार्क प्लग काढा, चौदाचा प्लग म्हणजे एम१४, पिच १.२५. त्याचे आटे स्पिंडलच्या आट्यांत आडवे बसवा आणि उजेडासमोर धरा. दुसरा म्हणजे दोन सुती व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाचा) बोल्ट, पाव इंची, हा अजून हार्डवेअरमध्ये मिळतो, त्याला इंचाला बरोबर २० आटे असतात. तो पण तसाच धरून बघा. ज्याच्यात शेवटच्या आट्यापर्यंत उजेडाची फट दिसत नाही तो तुमचा पिच. व्हिटवर्थचा कोन ५५ अंशांचा आणि सायकल थ्रेडचा ६० त्यामुळे खाचेत अगदी गच्च बसणार नाही, पण अंतर जुळतंय की नाही ते कळतं आणि आपल्याला तेवढंच हवंय.

मोजून इथे टाका मग पुढचं बोलू. कापलेल्या नटाचे तुकडे टाकले नाहीत ना? टाकू नका.

---

वेंगुर्ल्याचो_वारो

डाय नको हां, ता अगदी खरा.

आणि एक सांगतंय. बंदरार बोटीचो सामान मिळता थय कोणतरी तुका स्टेनलेसचो नट दाखयतलो, चकचकीत, कधी गंजाचो नाय म्हणान. घेव नको. एक तर ते सगळे मेट्रिक. आणि खाऱ्या हवेत स्टेनलेस आणि साधा लोखंड एकमेकाक लागान रवला की स्टेनलेस तसोच रवता आणि गंजता ता लोखंड, म्हणजे नट नवो आणि स्पिंडल खलास. आमच्या हय होडयेच्या इंजिनावर ह्या रोज बघतंव.

स्पिंडल सरळ आसा काय ता बघलंस? काचेर ठेव आणि हळू लोळव. मधी उजेड दिसलो तर नटाच्या मागे लागा नको, आधी स्पिंडल बघ.

---

पावसचा_साडेतीनशे

@टॅपेटची_टिकटिक दादा, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, खूप आभार. रॉकेल लावून घासला, खाली चकचकीत निघालाय. मापं अशी. आतल्या बाजूला जिथे नट पोचत नव्हता तिथे व्यास १४.१८. टोकाला १४.०५ वगैरे. दहा आटे वेगवेगळ्या जागी मोजले, १२.६८ ते १२.७२ च्या मध्ये येतायत, १२.५ कुठेच नाही. प्लग धरून बघितला, पहिले पाच-सहा आटे जमतात आणि मग टोकाकडे फट दिसायला लागते. दोन सुती बोल्ट धरला तर शेवटपर्यंत अंतर जुळतंय. म्हणजे ९/१६ गुणिले २० असं समजू का?

@वेंगुर्ल्याचो_वारो स्पिंडल देवघराच्या काचेवर लोळवला (आईला सांगितलेलं नाही), सरळ आहे. आट्यांच्या मुळाशी, जिथे आटे संपून गुळगुळीत दांडा सुरू होतो तिथे बारीक खड्डे आहेत गंजाचे, दोन-तीन, नखाला जेमतेम लागतात.

नटाचे तुकडे आहेत. चालू स्थितीत नाहीत अर्थात, एका बाजूने कापलाय.

---

खाडीपलीकडचे_काका

बाळा, ९/१६ ला २० म्हणजे तू सायकलच्या दुकानात जा.

हसू नका कुणी. सायकलच्या पायडलचा जो दांडा क्रँकमध्ये जातो त्याचे आटे तेच आहेत, ९/१६ इंच, इंचाला २०. आज पण. आपली काळी रोडस्टर घे नाहीतर पोरांची गिअरवाली घे, तीन भागांचा क्रँक असला की तिथे तेच माप, जगभर. रॉयल एनफिल्ड काय, बीएसए काय, ट्रायम्फ काय, हे सगळे आधी सायकली बनवायचे आणि मग त्यांनी मोटरसायकली काढल्या, तेव्हा कारखान्यात जे टॅप-डाय होते तेच चाकांना वापरले. म्हणून तुझ्या बुलेटच्या चाकाला सायकलचा आटा.

मी बरीच वर्षं सायकलचं दुकान चालवलं. तर तू असं कर, दुकानात एखादा जुना उजवा क्रँक भंगारात पडलेला असतोच, तो माग. उजवाच हां. डाव्या क्रँकचे आटे उलटे असतात, पायडल चालवताना सुटू नये म्हणून, तो लावायला जाशील तर लागायचा नाही. उजव्या क्रँकच्या भोकात तुझा स्पिंडल हाताने फिरव. बोटांनी सहज शेवटपर्यंत गेला आणि जास्त हलला नाही तर माप नक्की झालं, वर्नियरपेक्षा ही खात्री मोठी. लहान मुलांच्या सायकलचा क्रँक घेऊ नको, एका तुकड्याचा वाकवलेला असतो तो, त्याचं भोक अर्ध्या इंचाचं.

आणि जरा जुन्या सायकलवाल्याकडे पायडलचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) असतो, क्रँकचे आटे गेले की दुरुस्त करायला, उजव्या-डाव्याची जोडी असते. नट तयार मिळत नसेल तर ब्लँक (बिनआट्याच्या) नटाला भोक पाडून त्या टॅपने आटे मार. नवा टॅप विकत घ्यायचा असेल तर मुंबईला नागदेवीत मिळून जाईल, तिथे सायकल पायडलचा टॅप म्हणून माग, नुसतं ९/१६ म्हणालास तर यूएनएफचा अठराचा किंवा व्हिटवर्थचा बाराचा हातात देतील.

टोकाच्या मेलेल्या आट्यांसाठी तो कापलेला नट वापर. एका बाजूने कापलाय म्हणतोस तर अजून एक काप समोरच्या बाजूने दे म्हणजे दोन अर्धे होतील, आतले आटे ब्रशने साफ कर, दोन्ही अर्धे आतल्या चांगल्या आट्यांवर बसव, वरून पक्कड किंवा छोट्या क्लॅम्पने हलके धर आणि बाहेरच्या दिशेला फिरवत आण. चांगल्या आट्यांवरून येतो म्हणून वाट चुकत नाही. जिथे अडेल तिथे त्रिकोणी कानशीने उघडून घे, त्रिकोणी कानशीचा कोपरा पण ६० चाच असतो.

---

टॅपेटची_टिकटिक (मूळ गुहागर, सध्या पुणे)

काका, पायडलचं डोक्यातच आलं नव्हतं. जबरदस्त.

@पावसचा हो, ९/१६ गुणिले २०, मापं स्वच्छ जुळतायत. क्रँकने खात्री करा. ते मुळाशी खड्डे आहेत म्हणालात त्याची मला जास्त काळजी वाटते. आटे जिथे संपतात तीच दांड्याची सगळ्यात कमकुवत जागा, तडा जायचा तर तिथूनच जातो. नखाला जेमतेम लागतायत तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून परत बघा, खड्डा निघून गेला तर ठीक. राहिला, किंवा पॉलिश केल्यावर केसासारखी आडवी रेघ दिसली, तर तो स्पिंडल शोकेसमध्ये ठेवा आणि नवा बनवा.

---

चिपळूणचा_लेथ

खेर्डीला एमआयडीसीत काम करतो, असली कामं येतात अधूनमधून म्हणून सांगतो.

नट टॅपने मारायचा असेल तर भोक १३ चं पाडायचं. १४.२९ मधून पिच १.२७ वजा केला की १३.०२ येतं, तेरा चांगलं. मटेरियल ईएन८ चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) षटकोनी बार घ्यायचा, २२ चा, म्हणजे आत्ताचा २२ चा पाना लागतो आणि जुना व्हिटवर्थ पाना शोधत बसायला नको. जुना नट ज्या पान्याचा होता तो ७/१६ व्हिटवर्थ असेल तर तो ०.८२ इंच म्हणजे साधारण २०.८, २१ चा पाना लावून गोल केलेले नट इतके बघितलेत की विचारू नका. नट १४ जाड ठेवा, मग अकरा आटे पकडीत येतात, पातळ नट नको. दोन्ही तोंडांना चॅम्फर, म्हणजे कडा तिरकी मारलेली. खाली ३ मिलिमीटरचा जाड वॉशर, कारण स्विंगआर्मची खाच लांबट असते आणि पातळ वॉशर तिच्यात बशीसारखा वाकतो.

माइल्ड स्टीलचा नट स्वस्तात होईल पण करू नका. आणि एकाऐवजी तीन करून घ्या, लेथ एकदा लावला की पुढच्या दोघांना वेळ लागत नाही.

टॅप नसेल तर लेथवर सिंगल पॉइंटने (एका टोकाच्या टूलने) पण आटे पडतात. लेथवाल्याकडे जाताना एक विचारा, त्याच्या मशीनचा लीड स्क्रू (टूल सरकवणारा लांब स्क्रू) इंची आहे की मेट्रिक. आपल्याकडची बरीच जुनी मशीनं इंची आहेत, इंचाला चार आट्यांचा लीड स्क्रू, त्यावर २० आटे म्हणजे सरळ पाचाचा भागाकार, २० आणि १०० दातांचे गिअर चढवले की काम झालं. मेट्रिक लीड स्क्रूवर इंची आटे बरोबर पाडायचे तर १२७ दातांचा गिअर लागतो, कारण इंच म्हणजे २५.४ आणि त्याच्यात १२७ दडलाय. ज्याच्याकडे तो गिअर नाही तो म्हणेल १.२५ वर पाडतो, काय फरक पडतोय. अकरा आट्यांत पाव मिलिमीटरच्या जवळपास फरक पडतो. नट लागेल, शेवटी घट्ट होईल, पण सगळा भार दोनच आट्यांवर. तिथून उठून यायचं. टूलचा कोन पण सांगा, ६० चा, कारण बोटीचं काम करणारे बरेच जण ५५ चं टूल लावूनच बसलेले असतात.

आणि रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला करून घेणार असाल तर वेळ बघून जा. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, त्या दोन महिन्यांत सगळे लेथवाले प्रोपेलर शाफ्ट आणि बुशमध्ये बुडालेले असतात, तुमच्या एका नटाला कोण विचारतोय. नाहीतर घाट चढून कोल्हापूरला उद्यमनगरात जा, तिथे दिवसभरात होऊन जाईल आणि त्यांना इंची आटे नवीन नाहीत.

प्लेटिंगचं. नटाला झिंक करा, पिवळं पॅसिव्हेशन, आपल्या हवेत काळा नट एक पावसाळा पण काढत नाही. फक्त प्लेटिंगवाल्याला देण्याआधी नट स्पिंडलवर जरा सैल आहे ना बघा. दहा मायक्रॉनचा थर बसला तर आट्याच्या व्यासावर त्याच्या चौपट फरक पडतो, म्हणजे चाळीस मायक्रॉन, आधीच घट्ट असलेला नट मग जातच नाही आणि लोक म्हणतात लेथवाल्याने चुकीचा केला. स्पिंडलच्या आट्यांना क्रोम अजिबात नको, बाकी दांड्याला काय करायचं ते करा.

---

येझदीवाला_कणकवली

मधेच घुसतो. माझ्याकडे येझदी आहे, तिला पण असलं काही असतं का? मागचा नट बदलायचाय.

---

टॅपेटची_टिकटिक (मूळ गुहागर, सध्या पुणे)

@येझदीवाला नाही, तुम्ही सुटलात. मैसूरची जावा-येझदी मुळात चेक गाडी, सगळं मेट्रिक. राजदूतचं पण तेच, ते डिझाइन पोलंडचं. इंची भानगड ब्रिटिश घराण्याच्या गाड्यांना. अर्थात तुमच्या स्पिंडलवर आधी कुणी प्रयोग केले नसतील तर. दहा आटे मोजायला पाच मिनिटं लागतात, मोजा आणि मग दुकानात जा.

---

वेंगुर्ल्याचो_वारो

आमच्या वाडयेत एकान येझदीक बुलेटचो मागचो हब घातलेलो, तेचो नट कसलो ता देवाक ठावक. मोज बाबा.

---

पावसचा_साडेतीनशे

काका, क्रँक मिळाला. सायकलवाल्याने वेड्यासारखं बघितलं पण दिला. स्पिंडल बोटांनी सरळ शेवटपर्यंत गेला. टॅप पण आहे त्याच्याकडे, बाहेर द्यायला तयार नाही, म्हणाला ब्लँक इथे घेऊन ये मीच मारून देतो. म्हणजे लेथवाल्याकडून फक्त २२ चा षटकोनी ब्लँक, तेराचं भोक आणि चॅम्फर एवढंच करून घेतो. खड्डे पॉलिशने गेले, रेघ वगैरे काही नाही, टॉर्च लावून भिंगातून बघितलं.

आता पुढच्या चाकाकडे वळलो. तिथला नट निघाला पण आटे खाल्लेले आहेत, तो पण बदलायचाय. स्पिंडल १२.५८ येतोय. म्हणजे अर्धा इंच, बरोबर? ह्याला पण सायकलचंच काही चालेल का? आणि नट परत गंजून चिकटू नये म्हणून आट्यांना काय लावायचं?

---

खाडीपलीकडचे_काका

अर्धा इंच बरोबर, चार सूत. पण दहा आटे मोजल्याशिवाय उत्तर नाही. १२.७ आले म्हणजे २० चे, तर मघाशी सांगितलेला लहान मुलांच्या सायकलचा एका तुकड्याचा क्रँक, त्याचं पायडलचं भोक अर्धा इंच २० चं असतं, तो उजव्या बाजूचा घेऊन बघ.

---

चिपळूणचा_लेथ

२० चा निघाला तर सगळ्यात सोपं, लेथकडे यायचीच गरज नाही. अर्धा इंच यूएनएफ पण २० चाच आणि कोन पण ६० चाच, फक्त शिखराची गोलाई जरा वेगळी. यूएनएफचा नट त्यावर चालतो, आणि तो ट्रॅक्टर-ट्रकचे बोल्ट विकणाऱ्याकडे मिळतो, हाय टेन्साइलचा मागा. ९.८ च्या आसपास आले तर २६ चे, बारीक सायकल थ्रेड, तिथे बाजारात काही मिळणार नाही, ब्लँक आणि टॅप नाहीतर लेथ. एक मिलिमीटर पिचचा नट कुणी दिला तर घेऊ नका, २६ चा पिच ०.९७७ आहे, परत तेच लफडं. १५.९ आले तर बीएसएफ, इंचाला १६ आणि कोन ५५, त्याला ६० वाला नट नको. २१ च्या वर आले तर व्हिटवर्थ, इंचाला १२, चाकाच्या स्पिंडलला तो कुणी घालत नाही, म्हणजे मग आधी कुणीतरी हात मारलाय.

चिकटू नये म्हणून कॉपरवाली अँटिसीझ पेस्ट मिळाली तर उत्तम, नाहीतर साधी मरीन ग्रीस, बोटीच्या सामानात हीच एक गोष्ट घेण्यासारखी. ग्रीस लावलेला नट त्याच ताकदीला जास्त आवळला जातो हे लक्षात ठेवा, कोरड्यावर जेवढा जोर लावायचात तेवढा लावू नका, पाइप लावून तर नाहीच. बाहेर उरलेल्या आट्यांवर पण ग्रीसचा थर ठेवा, गंज तिथूनच आत शिरतो.

आवळल्यावर नट आणि स्पिंडलवर मिळून ऑइल पेंटची एक आडवी रेघ मारा. पन्नासेक किलोमीटर चालवून बघा, रेघ तुटली असेल तर नट सरकलाय.

---

पावसचा_साडेतीनशे

पुढचे दहा आटे ९.७६.

---

खाडीपलीकडचे_काका

मग २६ चा. जुन्या रोडस्टरच्या मागच्या एक्सलला पण २६ चेच आटे असतात पण ते तीन सुती, तुला नट म्हणून उपयोग नाही. पिच ताडून बघायला मात्र तो एक्सल चालेल, आडवा धरून बघ. सायकलवाल्याकडे आहेच परत जायचंय तर तेव्हाच मागून घे, आणि नागदेवीत कुणी जाणारं असेल तर अर्धा इंच २६ टॅप, सायकल थ्रेड, असं कागदावर लिहून दे.

---

चिपळूणचा_लेथ

टॅप नाही मिळाला तर स्पिंडल पाठवा एसटीने, नुसता नट पाठवू नका, मी दांड्यावर बसवूनच पाडतो. भोक ११.७ चं लागेल, तेवढं तुमच्याकडे पाडून घेऊ नका, मला बोअर करून घ्यायचंय.